‘गाठणे’ आणि ‘भरून काढणे’

प्रश्न : आजारपणामुळे माझे 15 दिवस कॉलेज बुडाले. ‘आय विल कॅच अप द सिलॅबस’ असे मी सरांना लिहिले, तेव्हा त्यांनी ‘कॅच अप ऑन’ अशी दुरुस्ती केली. माझ्याकडच्या गाइडमध्ये मात्र ‘कॅच अप विथ’ दिले आहे. यातले बरोबर कोणते? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, मात्र त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. घोटाळा होतो तो आपल्या ‘गाठणे’ या क्रियापदामुळे, कारण ‘सकाळची एसटी गाठायची आहे’ असेही आपण म्हणतो आणि ‘पुढे गेलेल्याला गाठले’ असेही म्हणतो. पहिल्या अर्थी इंग्रजीत नुसते ‘कॅच द बस’ पुरते. समजा, साताऱ्याच्या स्टँडवरून तुमची पुण्याची बस डोळ्यांदेखत सुटली, भावाने तुम्हाला मोटारसायकलवर मागे बसवून हायवेला गाडी पिटाळली आणि आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत उभी असलेली ती बस तुम्हाला सापडली, तर ते ‘कॅच अप विथ द बस’ झाले. ‘अप’ आले, की आधी कोणीतरी मागे पडलेले आहे हे गृहीतच असते, आणि ज्याला गाठायचे त्याच्याआधी ‘विथ’ येते.

अभ्यास काही पुढे पळत नसतो, तो साचून राहतो. बुडालेला अभ्यास, तुंबलेले काम किंवा राहिलेली झोप आपण गाठत नाही, भरून काढतो, आणि तिथे ‘ऑन’ लागते. तुमच्या सरांची दुरुस्ती म्हणूनच अचूक आहे. मराठीत ज्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत, तो फरक इंग्रजी या एवढ्याशा शब्दाने दाखवते. तो गाळला, की वाक्य लंगडे पडते.

ब्रिटिश इंग्रजीत ‘आय विल कॅच यू अप’ म्हणजे ‘तुम्ही पुढे व्हा, मी गाठतोच’. अमेरिकेत मात्र त्याच वाक्याचा अर्थ ‘मधल्या काळात काय घडले ते तुम्हाला सांगतो’ असा होतो. भूतकाळी रूप ‘कॉट अप’ आहे, ‘कॅच्ड’ नव्हे. ही चूक पदवीधरांच्या अर्जांतही दिसते आणि ती मनापासून खटकते.

तुम्हाला वर्गमैत्रिणींच्या बरोबरीला यायचे आहे, असे म्हणायचे असेल तर ‘कॅच अप विथ द क्लास’ लिहावे. सरांना पाठवायच्या चिठ्ठीत मात्र ‘आय विल कॅच अप ऑन द सिलॅबस’ हेच ठेवावे.