नवी चेन टाकली आणि सायकल जास्तच उड्या मारते!

प्रश्न : दादा, माझी २१ गिअरची जुनी सायकल आहे, पुढे ३ मागे ७ चक्रं. चेन लूज झालीय म्हणून दुकानदाराने नवी टाकून दिली आणि आता यवतेश्वरच्या घाटात पेडलवर जोर दिला की चेन खाडकन उडते, आधी हे होत नव्हतं. चेन डुप्लिकेट असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चेन बहुतेक चांगलीच आहे हो, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. घोळ फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या सात चक्रांच्या संचात असणार. चेन लांबते म्हणजे पत्रा ताणला जात नाही, आतल्या पिना झिजतात आणि जोडाजोडात थोडं थोडं अंतर वाढत जातं, मग दातेही त्याच मापाने झिजतात, म्हणून जुनी चेन न् जुने दाते म्हाताऱ्या जोडप्यासारखं निभावून नेतात आणि नवी चेन मात्र त्या दात्यांत नीट बसतच नाही, जोर आला की वर चढते.

आधी बघा, रोजच्या वापरातल्या एकदोन गिअरवरच उडते ना? मग फ्रीव्हीलच, ते बदला. जोर न देताही ठरावीक अंतराने टक् टक् होत असेल तर मात्र चेन जोडली तिथली कडी जाम आहे, ती थोडी हलवून मोकळी करा, खर्च शून्य.

फ्रीव्हील घेताना दाते मोजून तसंच मागा, साधारण १४-२८ असतं. उगाच मोठं घेतलं तर डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो तो भाग) झेपेलच असं नाही. आणि ते फ्रीव्हीलच आहे ना हे बघा : चक्रं उलटी फिरवली आणि पुलर (चक्रं काढायचं हत्यार) बसतो त्या खाचा जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील, सोबत फिरल्या तर कॅसेट, म्हणजे वेगळ्या पद्धतीने बसवलेला संच. फ्रीव्हील पेडल मारून मारून आवळत जातं त्यामुळे निघताना घाम काढतं, पण छिन्नी-हातोडा कुणालाही लावू देऊ नका, बरोबर मापाचा पुलर आणि लांब पाना, उलट्या दिशेने. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावाच, नाहीतर पुढच्या वेळी परत हीच कुस्ती.

पुढच्या वेळी स्टीलची पट्टी लावून मोजत जा. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की लगेच चेन बदला, तेवढ्यात भागतं. एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही गेलंच समजा.

पुढच्या चेनव्हीलला, म्हणजे पेडलजवळच्या तीन चक्रांना, सध्या हात लावू नका. दाते हुकासारखे वाकलेले दिसले तरच बदला, आणि स्वस्त क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) ती रिव्हेट मारलेली असतात त्यामुळे मग अख्खा सेटच घ्यावा लागतो.