थिसिसचा विषय बदलू का?

प्रश्न : मी सोलापूरची. एमडीएसच्या (डेंटलच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला, एन्डोडॉन्टिक्समध्ये (रूट कॅनालच्या शाखेत) आहे. गाइड मॅडमनी रूट कॅनालमधल्या इरिगेशन अ‍ॅक्टिव्हेशनच्या (कॅनाल धुण्याचं द्रावण आत ढवळण्याच्या) पद्धतींची तुलना हा विषय सुचवलाय. बाबा म्हणतात, ‘कॅनाल धुण्यावर थिसिस?’ पुढे जुळे सोलापुरात क्लिनिक टाकायचंय, बाबा लेझरसाठी कर्ज काढायलाही तयार आहेत. विषय बदलू का?

उत्तर : नको बदलूस. बाबांना एवढंच सांग, की खरवडायची फाइल कॅनालच्या सगळ्या भिंतींना लागतच नाही. मायक्रो-सीटीवर (दाताच्या अतिसूक्ष्म एक्स-रे स्कॅनवर) पाहिलं, तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भिंत कोरीच राहिलेली दिसते. तिथे काम करतं ते हायपोक्लोराइट, म्हणजे धुण्याचं द्रावण. आणि ते नुसत्या सुईने सोडलं तर सुईच्या टोकापुढे फारसं सरकत नाही, मुळाच्या शेंड्याशी हवा अडकून बसते. क्लिनिकमध्ये तुझं नाव होणार की नाही, ते या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर बरंच अवलंबून आहे.

तुलनेसाठीचे गट मात्र विचार करून निवड. गट्टा पर्चाचा (कॅनाल भरायच्या रबरासारख्या पदार्थाचा) कोन हाताने वर-खाली करण्याची पद्धत घेच. तिला मशीन लागत नाही, म्हणून तिला कमी लेखू नकोस. सॉनिकची (कमी वारंवारतेच्या कंपनांच्या यंत्राची) प्लॅस्टिक टिप भिंत कापत नाही. अल्ट्रासॉनिक 25-30 किलोहर्ट्झवर चालतं, ताकद जास्त. पण वाकड्या कॅनालमध्ये टिप भिंतीला टेकली की जोर मरतो. शिवाय स्केलिंगच्या बऱ्याच मशीनना एन्डोची टिप बसते, म्हणजे हे शिकलेलं पहिल्या दिवसापासून वापरता येईल. कॉलेजात लेझर असेल तर त्याने द्रावण ढवळण्याचाही गट ठेव, नसेल तर त्यासाठी अडून बसू नकोस.

एक गोष्ट मॅडमशी आत्ताच बोल : प्रयोगासाठी घेतलेल्या, काढलेल्या दातांच्या मुळाचा शेंडा बंद करून घेणार का? उघडा ठेवलास तर द्रावण खालून वाहून जातं, हवा अडकतच नाही आणि साधी सुईसुद्धा हुशार ठरते. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील. निष्कर्षातही जपून लिही. स्मिअर लेअर (फाइल फिरवल्यावर भिंतीवर बसणारा चुऱ्याचा थर) कमी दिसला म्हणजे पेशंटचा दात जास्त टिकला, असं होत नाही.

तारा लावण्यासाठी काढलेले प्रीमोलर (उपदाढा) मिळतील का, ते ऑर्थो विभागात आजच विचार. एथिक्स कमिटीची परवानगी आली की लगेच जमवायला लाग, ऐनवेळी सारख्या आकाराचे दात मिळत नाहीत. आणि लेझरचं कर्ज? तुझे स्वतःचे निकाल हातात येईपर्यंत बाबांना थांबव.