दूरच्या सर्व्हरवरचं जुनं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतं

प्रश्न : आमचं हिशेबाचं जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर सगळे रिमोट डेस्कटॉपवरून वापरतात. दिवसातून दोन-तीनदा ते आपोआप बंद होतं. कधी एकाचं, कधी दुसऱ्याचं. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : सर्व्हरवरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन’ लॉग उघडा आणि १००० क्रमांकाच्या, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्याच्या, नोंदी बघा. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ (ज्या फाइलमध्ये बिघाड झाला ती) दर वेळी तेच आहे का? तिथे प्रिंटर ड्रायव्हरची डीएलएल फाइल दिसली, तर दोन दिवस प्रिंटर रीडायरेक्शन (आपल्या संगणकाचा प्रिंटर सर्व्हरवरून वापरायची सोय) बंद ठेवून पाहा. सेशन तुटून परत जोडलं की प्रिंटरचं नाव बदलू शकतं, आणि जुन्या प्रोग्रॅमना ते झेपत नाही.

मॉड्यूल दर वेळी वेगळं असेल, तर मला गळतीचा, म्हणजे प्रोग्रॅम घेतलेली साधनं परत सोडत नसल्याचा, संशय येतो. टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (पडद्यावर चित्रं-अक्षरं काढायला प्रोग्रॅमने घेतलेली साधनं) हा रकाना जोडा. एका प्रोसेसची नेहमीची मर्यादा १०,००० असते. सकाळी ४०० असलेला आकडा दुपारी ९,००० झाला, तर चोर सापडला. खरी दुरुस्ती कोडमध्येच होईल. तोवर दुपारच्या सुट्टीत प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसतं डिस्कनेक्ट केल्याने तो बंद होत नाही, आकडा आहे तिथेच राहतो.