प्रगती शिकणारीलाच दिसू द्या

ताई, सातपूरला बायकांचा साक्षरता वर्ग सुरू करताय, फार चांगलं काम आहे. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

पहिल्याच दिवशी प्रत्येकीकडून जमेल तसं नाव लिहून घ्या, तारीख टाका आणि ते पान जपून ठेवा. महिन्याभराने तेच पुन्हा लिहायला लावून दोन्ही पानं शेजारी ठेवा. 'मला काही येत नाही' म्हणणारी बाई मग स्वतःच बोट ठेवून दाखवते, वेलांटी कुठे सुधारली ते. तुम्ही सांगायची घाई करू नका, तिलाच सांगू द्या.

मग प्रत्येकीला तिच्या गरजेचं एक काम निवडू द्या:
- निमाणीला जाणाऱ्या बसची पाटी वाचणं
- वीजबिलावरची रक्कम ओळखणं
- बँकेत सही

जमलं की वहीत खूण तिनेच करायची.

नवे शिक्षक सगळ्या वहीवर लाल पेन फिरवतात आणि शेजारणीशी तुलना करतात. मोठ्या माणसांच्या मनाला ती तुलना फार लागते, वर्गच सुटतो.

'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा 150 गुणांची असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. तिचा विषय आत्ता काढू नका. तक्ते, श्रेण्या पुढे बघू; आधी ती पहिली पानं जमवा.