छोट्या गॅरेजसाठी कोणती लिफ्ट घ्यावी?

प्रश्न : माझ्या घराला लागून एका गाडीपुरते गॅरेज आहे. छताची उंची 2.7 मीटर असून काँक्रीटच्या कोब्यावर टाइल्स बसवलेल्या आहेत. गाडी दीड मीटर उंच आणि 1,350 किलो वजनाची आहे. ब्रेक आणि इंजिन ऑइलची कामे मी नेहमी, तर सायलेन्सर आणि गिअरबॉक्सची क्वचित करतो; परंतु जॅक लावून जमिनीवर आडवे होणे आता पाठीला झेपत नाही. दोन खांबांची लिफ्ट घ्यावी का?

उत्तर : तुमच्या गॅरेजमध्ये ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन खांबांच्या लिफ्टखाली उभे राहून काम करायचे तर गाडी सुमारे 1.8 मीटर वर जावी लागते. त्यात गाडीची उंची मिळवली की 3.3 मीटर होतात आणि वर थोडी मोकळी जागाही हवीच. तुमच्याकडे गाडीच्या टपावर जेमतेम 1.2 मीटर उरतात. दिवा किंवा वर सरकणाऱ्या दरवाजाचे रूळ छताखाली लोंबत असतील तर त्याहूनही कमी, म्हणून दरवाजा उघडा ठेवूनच मोजमाप घ्यावे.

शिवाय त्या लिफ्टचे खांब उलटू नयेत म्हणून त्यांना तळाशी कोब्यात ठोकलेल्या अँकर बोल्टांनीच धरून ठेवलेले असते. त्यासाठी किमान 10 सेंटिमीटर जाडीचा, भेगा नसलेला, पक्का कोबा सामान्यतः मागितला जातो, आणि टाइल्सवर ती कधीही बसवता येत नाही. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवरच उभी असते, त्यामुळे ब्रेकच्या कामाला पुन्हा वेगळा जॅक लागतो.

तुमच्यासाठी मी मध्यम उंचीची, कात्रीसारखी उघडणारी सीझर लिफ्ट सुचवेन. ती गाडीला साधारण एक मीटर उचलते आणि चाके मोकळी ठेवते, त्यामुळे ब्रेकचे काम स्टुलावर बसून करता येते. मात्र गाडीच्या मध्यभागाखाली तिचा सांगाडा येत असल्याने गिअरबॉक्स आणि सायलेन्सरपर्यंत हात नीट पोहोचत नाही. ही कामे तुम्ही क्वचितच करता, तेव्हा तेवढ्यासाठी गाडी वर्कशॉपमध्ये न्यावी. नेहमीच्या कामांतील सोय त्यासाठी गमावू नये. जमिनीत न ठोकता वापरता येणारे मॉडेल निवडले तरी खालची जमीन सपाट आणि भक्कम हवी; पोकळ वाजणाऱ्या टाइल्स काढून टाकाव्यात. मिटलेली लिफ्टही जमिनीपासून 10 ते 12 सेंटिमीटर उंच असू शकते, म्हणून आपल्या गाडीचा तळ तिच्यावरून घासल्याशिवाय जाईल ना, हे खरेदीपूर्वीच तपासावे.

वजनाची चिंता तुम्हाला नाही, कारण अडीच टन क्षमतेची लिफ्ट पुरेशी आहे. पैसे वाचवायचे झाले तरी यांत्रिक कुलूप नसलेली लिफ्ट मात्र घेऊ नका. हायड्रॉलिक नळी फुटली किंवा सील गळले तरी गाडी खाली येऊ नये, हे काम त्या कुलपाचे असते. म्हणून खाली शिरण्यापूर्वी गाडी कुलपावर टेकवलीच पाहिजे. रबरी पॅड गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागांवरच लावावेत. प्रत्येक वेळी गाडी आधी फक्त 15 सेंटिमीटर उचलून हलवून पाहावी. ती जराही डुलली, तर खाली घेऊन पॅड पुन्हा लावावेत.