पेंग येते का, हे आधी विचार

पुणे, रविवार सकाळ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "सर, आज ओपीडीत लागोपाठ तिघं झोप येत नाही म्हणून आले. तिघांनाही एकच गोळी लिहिली आणि घरी आल्यावर मलाच झोप लागेना." मी तेव्हा हसलो, पण तुला ती चुटपुट लागली याचं बरं वाटलं. मला ती लागायला बरीच वर्षं जावी लागली.

"झोप येत नाही" हे "ताप येतो" सारखंच आहे. ताप म्हटल्यावर तू कधीपासून, किती, थंडी वाजते का, असं विचारतेसच ना? इथे मात्र पेशंट बसायच्या आत आपला हात प्रिस्क्रिप्शनकडे जातो.

माझ्याकडे नारायण पेठेतले एक निवृत्त मास्तर यायचे. "डॉक्टर, पहाटे साडेतीनला टक्क जागा. त्यानंतर डोळ्याला डोळा नाही." ऐकताक्षणी पहाटेची जाग, म्हणजे नैराश्य, असं डोक्यात येतं. तसं ते असूही शकतं, म्हणून मी मन, भूक, रस सगळं विचारलं. गृहस्थ ठणठणीत. सहाला उठून पर्वती चढून येत होते. मग विचारलं, अंथरुणाला पाठ कधी टेकता? "साडेआठला. बातम्या संपल्या की." आणि लगेच झोप लागते? "लगेच." म्हणजे सात तास तिथेच झाले. वर दुपारची दीड तासाची वामकुक्षी. (पुण्यात हा प्रश्न राहिला तर हिस्ट्री अपुरी समज.) चोवीस तासांत साडेआठ तास झोपणाऱ्या माणसाला मी गोळी देणार होतो. त्याऐवजी रात्री साडेदहापर्यंत जागायला आणि दुपारी फक्त आरामखुर्चीत बसायला सांगितलं. थोडे रुसले, पण ऐकलं.

आता निकष. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक), म्हणजे २०१३ पासून, निद्रानाशाचे निकष असे आहेत: झोप लागायला वेळ लागणं, मध्ये मोडणं किंवा पहाटे लवकर जाग येऊन परत न लागणं, यांपैकी काहीतरी, आठवड्यात किमान ३ रात्री, किमान ३ महिने, आणि त्याचा दिवसावर परिणाम किंवा स्पष्ट त्रास. पाठांतरात हमखास सुटणारी अट म्हणजे झोपायला पुरेशी संधी मिळत असूनही हे होणं. लक्ष्मी रोडवर राहणारा माणूस विसर्जनाच्या रात्री झोपला नाही, तर तो निद्रानाश नव्हे. हिंजवडीतला मुलगा रात्री दीडपर्यंत अमेरिकेशी कॉलवर आणि सकाळी सहाला बसच्या रांगेत असेल, तर त्याचीही झोप उडालेली नाही, कोणीतरी ती घेतली आहे.

खरा निद्रानाश आणि कमी पडलेली झोप वेगळी ओळखायला मराठीने तुला एक सोय करून दिली आहे. विचार, "दिवसा पेंग येते की गळून गेल्यासारखं होतं?" निद्रानाशाचा पेशंट बहुतेक वेळा गळालेला असतो, चिडचिडा असतो, पण दुपारी आडवं केलं तरी डोळा लागत नाही. बसमध्ये उभ्या उभ्या डुलक्या घेणारा असेल तर दुसरीकडे बघ. झोप कमी पडते आहे का? घोरतो का? हे त्याला विचारू नकोस, बायकोला आत बोलाव. मध्येच श्वास थांबतो का, रक्तदाब आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर आहे का, हे बघ. अशाला नुसती झोपेची गोळी दिलीस तर श्वास आणखी अडखळू शकतो.

आणि पाय. माझ्याकडे एक बाई चार महिने येत होत्या. झोप लागायला दोन-दोन तास. मी अ‍ॅलर्जीच्या वर्गातली एक गुंगीची गोळी दिली, मग डोस वाढवला. एकदा दाराशी गेल्यावर मागे वळून त्या सहज म्हणाल्या, "रात्री स्वयंपाकघरात येरझारा घातल्या ना, की मग पाय जरा गप्प बसतात." मी त्यांना पुन्हा बसवलं. संध्याकाळनंतर पायांत काहीतरी वळवळल्यासारखं, बसलं की जास्त, चाललं की कमी. म्हणजे अस्वस्थ पायांचा विकार. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं. मी देत होतो ती गोळी त्या पायांना आणखी चाळवणारी होती. चार महिने मी एकदाही पायांचं विचारलं नव्हतं.

अभ्यासिकेतून येणारी मुलं हा वेगळाच प्रकार. दोनला आडवी होतात, तीनपर्यंत तळमळतात, सकाळी आठला क्लास. सुट्टीत गावी गेल्यावर काय होतं, एवढं विचार. "तिथे तीन ते अकरा मस्त झोपतो" असं उत्तर आलं, तर झोप शाबूत आहे, शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकलं आहे.

वर्गीकरणाचा फार बाऊ करू नकोस, पण ते का बदललं, हे समजून घे. आमच्या वेळी प्राथमिक आणि दुय्यम असे दोन कप्पे होते. नैराश्य, सांधेदुखी, काहीही सापडलं की निद्रानाश दुय्यम, आणि "मूळ दुखणं बरं झालं की झोप येईल" हे आमचं ठरलेलं वाक्य. मन बरं व्हायचं, झोप यायचीच नाही, आणि पेशंट बिचारा आपलंच काही चुकतंय असं समजायचा. २००५ च्या सुमारास दुय्यमऐवजी सहव्याधी, म्हणजे सोबत असलेला आजार, हा शब्द आला, डीएसएम-५ ने ते कप्पे काढले, २०१४ च्या झोपविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही डझनभर उपप्रकार गुंडाळून मुख्यतः अल्पकालीन आणि दीर्घकालीन एवढंच ठेवलं. आयसीडी-११ ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, तर झोपेला स्वतंत्र प्रकरण दिलं. आता दोन्ही निदानं शेजारी शेजारी लिही आणि दोन्हींवर उपचार कर. ही सुधारणा उशिरा झाली, असं माझं मत.

पेशंट "स्लीप स्टडी करा" म्हणतील. साध्या निद्रानाशाला ती लागत नाही. श्वासाची किंवा झोपेतल्या हालचालींची शंका असेल, उपचार लागू पडत नसेल, तर कर. त्याआधी एक दोनशे पानी वही आणायला सांग. दोन आठवडे, रोज सकाळी चहाबरोबर: कधी आडवे झालात, अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग, कधी उठलात, चहा-कॉफी कधी, दारू किती. घड्याळाकडे रात्री बघायचं नाही, अंदाज चालेल. दहा ते सहा अंथरुणात आणि झोप साडेपाच तास असेल तर अंथरुणातल्या वेळापैकी झोपेचे ६९ टक्के होतात. ८५ च्या आसपास असावेत. निद्रानाशाची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावलीही भरून घे. २८ पैकी १५ किंवा जास्त आले तर गांभीर्याने घे, पण त्या आकड्यावर निदान ठोकू नकोस. तो सुधारणा मोजायला जास्त उपयोगी.

वहीत कधी गंमत दिसते. "रात्रभर जागा" असं लिहिलेलं, आणि बायको म्हणते, "तीन वेळा कूस बदलवली, इतके घोरत होते." तो खोटं बोलत नसतो. त्याला वाद घालून हरवू नकोस, घोरण्याचं मात्र लिहून ठेव.

त्या तिघांना गुरुवारी परत बोलव. गोळी एकदम बंद करू नकोस, वह्या दे. दोन आठवड्यांनी वह्या घेऊन माझ्याकडे ये, रविवारी, चारनंतर. त्याआधी मी झोपलेला असतो.

तुझा,
सर