जुन्या छोट्या लेथवर मेट्रिक आटे दुसऱ्या कापात का बिघडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कित्येक दशके जुन्या असलेल्या छोट्या लेथवर एम १० × १.५ चे (१० मि.मी. व्यास, दोन आट्यांत १.५ मि.मी. अंतर) आटे पाडताना पहिला हलका काप सुरेख उमटतो, पण टूल परत आणून दुसरा काप घेतला की ते आधीच्या चरीत न उतरता दोन चरींमधला माथा खरवडत जाते. लीडस्क्रूला, म्हणजे टूल पुढे सरकवणाऱ्या लांब आटेदार दांड्याला, एका इंचात ८ आटे आहेत, चेंज गिअरच्या (स्पिंडल आणि लीडस्क्रू जोडणाऱ्या बदलत्या चाकांच्या) संचात १२७ दात्यांचे चाक नाही आणि हाफनट कधी बंद करायचा ते दाखवणारा थ्रेड डायलही नाही. तेव्हा लीडस्क्रू झिजला असावा का, आणि तो बदलावा का, असे तुम्ही विचारले आहे.

लीडस्क्रू आहे तसा राहू द्या. तो झिजलेला असेलही, आणि या वयाच्या यंत्रात चकाजवळचा (चक म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग) भाग सर्वांत जास्त झिजलेला असणे स्वाभाविक आहे; परंतु झिजेमुळे होणारी चूक प्रत्येक कापात सारखीच उमटते, कारण टूल दर वेळी लीडस्क्रूच्या त्याच भागाच्या जोरावर सरकत असते. झिजलेल्या लीडस्क्रूवर आट्यांचे अंतर किंचित कमीजास्त भरेल, पण दुसरा काप पहिल्याच्या चरीतच पडेल. तो चर सोडून पडतो तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट घडलेली असते: काप संपल्यावर हाफनट (लीडस्क्रूला पकडणारा उघडता येणारा नट) उघडला, कॅरेज (टूल वाहून नेणारा सरकता भाग) हाताने मागे आणले आणि हाफनट पुन्हा बंद केला. इंची लीडस्क्रूवर इंची आटे पाडताना ही सवय बऱ्याचदा चालून जाते. मेट्रिक आट्यांना ती चालत नाही.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. एका इंचात ८ आटे म्हणजे लीडस्क्रूच्या दोन आट्यांमध्ये ३.१७५ मि.मी. अंतर, आणि हाफनट त्याच अंतराने ठरलेल्या जागीच बसू शकतो. तुम्हाला एका इंचात १६ आटे पाडायचे असते, तर हाफनट कुठेही बसवला तरी टूल बरोबर चरीतच आले असते, कारण लीडस्क्रूच्या एका आट्यात कामाचे बरोबर दोन आटे मावतात. एका इंचात २० आटे असतील तर हे प्रमाण अडीचाचे होते, म्हणून हाफनट एक आटा सोडून दुसऱ्यावरच जुळतो आणि डोळे मिटून बंद केल्यास निम्म्या वेळा काम बिघडते. १.५ मि.मी. च्या बाबतीत ३.१७५ ला १.५ ने भागल्यावर १२७ भागिले ६० असे प्रमाण येते, ज्याला आणखी लहान करता येत नाही. त्यामुळे हाफनट बसू शकेल अशा ६० निरनिराळ्या स्थितींपैकी एकच बरोबर असते. ती पुन्हा यायला कॅरेज १९०.५ मि.मी. सरकवावे लागेल किंवा स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या मुख्य अक्षाच्या) १२७ फेऱ्या होऊ द्याव्या लागतील. म्हणून थ्रेड डायल विकत घेण्याचा विचारही या कामापुरता बाजूला ठेवावा. इंची लीडस्क्रूसाठी केलेला डायल मेट्रिक आट्यांना उपयोगी पडत नाही.

आता १२७ दात्यांच्या चाकाविषयी. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मि.मी., ही व्याख्या १९५९ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेली आहे. २५.४ च्या पाचपट १२७ होतात आणि १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे लहान चाकांत विभाजन होत नाही. गणिताने अचूक मेट्रिक आटे हवे असतील तर ते मोठे चाक टाळता येत नाही, आणि छोट्या लेथच्या गिअर बँजोवर (मधली चाके बसवायच्या हलत्या पट्टीवर) ते अनेकदा मावतच नाही. परंतु अगदी अचूकतेची तुम्हाला गरज नाही. तुमच्या संचात २१ दात्यांचे चाक असल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. स्पिंडलकडून येणाऱ्या स्टडवर २१, त्याला जुळवून बँजोवर ४०, त्या ४० सोबत एकाच बुशवर ४५, आणि लीडस्क्रूवर ५० अशी जोडणी करा. हे प्रमाण ०.४७२५ येते आणि त्याला ३.१७५ ने गुणल्यास आट्याचे अंतर १.५००१९ मि.मी. भरते. १०० मि.मी. लांबीत ही चूक ०.०१२५ मि.मी. इतकीच होते, तुमच्या लीडस्क्रूची झीज याहून मोठी असण्याची शक्यता आहे. मात्र हे सर्व आकडे एका इंचात ८ आट्यांच्या लीडस्क्रूचे आहेत, आणि ॲटलसच्या ६ इंची लेथसारख्या काही लहान यंत्रांवर १६ आट्यांचा लीडस्क्रू असतो, म्हणून चाके चढवण्यापूर्वी लीडस्क्रूवर पट्टी ठेवून एका इंचातले आटे स्वतः मोजून घ्यावेत. चाकांच्या दात्यांमध्ये साध्या कागदाची एक पट्टी घालून ती चाके दाबून बसवा, नट घट्ट करा आणि मग चाक फिरवून कागद काढा. राहिलेली फट पुरेशी असते. चाके कर्कश आवाज करत असतील तर ती फार आवळून बसली आहेत असे समजावे.

हाफनट उघडायचा नाही, तर टूल परत कसे आणायचे? मोटर उलटी फिरवून, असे उत्तर सर्वत्र मिळते, आणि ज्या लेथवर चक बोल्टने किंवा कॅमने बसते तिथे ते योग्यही आहे. जुन्या छोट्या लेथवर मात्र चक बहुधा स्पिंडलच्या नाकावर आट्यांनी बसवलेले असते. मायफर्ड एमएल ७ चे नाक १ १/८ इंच व्यासाचे आणि इंचात १२ आट्यांचे आहे. मोटर झटक्याने उलटी सुरू झाली की जड चक आपल्या जडत्वामुळे मागे राहते आणि सैल होऊ लागते. माझ्या हातून एकदा असे चक सुटून बेडवर (लेथच्या लांब पायावर) आदळले आहे. बेडच्या कडेला पडलेला तो खड्डा मला दर वेळी दिसतो, आणि त्यानंतर मी आटे पाडताना मोटर वापरणेच बंद केले.

त्याऐवजी स्पिंडलला हाताने फिरवायचा दांडा करून घ्यावा. स्पिंडलच्या मागच्या भोकात सरकेल अशा मापाचा एक गोल दांडा घ्या. त्याच्या पुढच्या टोकाला उभी चीर पाडा, आतून एक लांब बोल्ट घालून त्याच्या टोकावरच्या निमुळत्या नटाने ती चीर फाकवता येईल अशी व्यवस्था करा, आणि बाहेरच्या टोकाला आडवा हात आणि मूठ बसवा. बोल्ट आवळला की दांडा आतून पकड घेतो. पट्टा सैल करा, म्हणजे मोटर ओढावी लागणार नाही, आणि मोटरचा प्लग काढून ठेवा. प्लग काढायचाच, दांडा आत असताना मोटर सुरू झाली तर तो हात मोडू शकतो. हाताने मागे फिरवताना टूल कामापासून दूर घेतलेले असल्यामुळे चकावर काही भार येत नाही, म्हणून ते सैल होत नाही.

हे ऐकायला कष्टाचे वाटते, पण तुमच्या कामात किती फेऱ्या लागतील ते पाहा. २५ मि.मी. लांबीचे आटे म्हणजे १७ फेऱ्या, आणि ११ ते १२ कापांत काम संपते. म्हणजे पुढे सुमारे दोनशे आणि मागे तेवढ्याच. अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्याच्या बदल्यात आटे जिथे संपवायचे तिथे अगदी हव्या त्या क्षणी थांबता येते. मोटर ३०० फेऱ्यांनी चालवली, तर कॅरेज सेकंदाला ७.५ मि.मी. वेगाने खांद्याकडे धावत असते, आणि नवशिक्याचा हात तेवढा चपळ नसतो. तरीसुद्धा आटे संपतात तिथे २ ते ३ मि.मी. रुंदीची खाच, ८ मि.मी. व्यासापर्यंत खोल, आधीच करून ठेवा. टूलला थांबायला मोकळी जागा मिळते.

मागे आणताना टूल कामाच्या टोकापासून निदान दोन फेऱ्या पलीकडे न्या आणि मगच पुढे फिरवायला लागा. चाकांमधली, लीडस्क्रूच्या बेअरिंगमधली आणि हाफनटमधली सगळी ढिलाई त्या दोन फेऱ्यांत एका बाजूला बसते, आणि टूल कामाला टेकते तेव्हा प्रत्येक वेळी एकाच स्थितीत असते. हाफनट न उघडताही काप सरकत असतील तर दोष इथेच असतो. लीडस्क्रू हाताने पुढेमागे ओढून पाहा. तो लांबीच्या दिशेने हलत असेल तर त्याच्या टोकाची कॉलर आवळा. हाफनटच्या आट्यांत जुना किस अडकून तो पूर्ण बंद होत नसेल, तेही पाहा.

टूलबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण पुढची अडचण तिथेच येणार आहे. हाय स्पीड स्टीलचे टूल ६० अंशांत घासा, वरचा पृष्ठभाग सपाट ठेवा, टोक सेंटरच्या (कामाच्या अक्षाच्या) उंचीला आणा आणि थ्रेड गेज कामाला टेकवून टूल त्याच्या खाचेत सरळ बसते का ते उजेडाकडे धरून पाहा. एम १० च्या आट्यांचा तिरपेपणा साधारण ३ अंश असतो, म्हणून चकाकडच्या बाजूला क्लिअरन्स (टूल कामाला घासू नये म्हणून दिलेला उतार) तेवढा जास्त द्यावा लागतो. नाहीतर टूल कापण्याऐवजी घासत राहते आणि आट्याची ती बाजू फाटल्यासारखी दिसते. दुसरी गोष्ट टोकाची. सुईसारखे टोकदार टूल पुस्तकी खोलीपर्यंत, म्हणजे अंतराच्या ०.६१३४ पट, इथे ०.९२ मि.मी. गेले तरी नट चढत नाही, कारण ती खोली तळाशी गोलाई असलेल्या आट्यासाठी सांगितलेली असते आणि टोकदार टूलने केलेली चर तेवढ्या खोलीला अरुंद राहते. तेलदगडावर टोकाला सुमारे ०.२ मि.मी. त्रिज्येची गोलाई द्या. मग आकडे जुळतात.

टॉप स्लाइड (टूलखालची, हव्या त्या कोनात वळवता येणारी वरची सरक) साडेएकोणतीस अंशांत वळवावी, म्हणजे टूल मुख्यतः डाव्या बाजूने कापते आणि लहान यंत्र थरथरत नाही. हा कोन क्रॉस स्लाइडच्या (बेडला आडव्या सरकणाऱ्या खालच्या सरकेच्या) रेषेपासून मोजायचा आहे. ज्या लेथवर टॉप स्लाइड बेडला समांतर असताना शून्य दिसते तिथे आकडा साडेसाठ यायला हवा, आणि या एका घोटाळ्यात पुष्कळ लोक फसतात. क्रॉस स्लाइड फक्त टूल बाहेर घेण्यासाठी आणि पुन्हा त्याच शून्यावर आणण्यासाठी वापरायची, शून्यावर येताना दर वेळी बाहेरून आतच यायचे, आणि कापाची खोली टॉप स्लाइडने द्यायची. तिरप्या मार्गाने ०.९२ मि.मी. खोली गाठायला टॉप स्लाइड १.०६ मि.मी. पुढे न्यावी लागते. जुन्या यंत्राचे डायल इंचाच्या हजाराव्या भागांत असेल तर ४२ भाग. पहिला काप नुसता ओरखडा काढण्यापुरता घ्या आणि त्यावर पट्टी ठेवून १० आटे १५ मि.मी. मध्ये बसतात का ते मोजा. मग ०.२० ने सुरुवात करून काप हळूहळू लहान करत जा, शेवटचे दोन ०.०३ आणि ०.०२ चे ठेवा, आणि त्यानंतर खोली न वाढवता टूल आणखी एक-दोनदा त्याच मार्गाने फिरवा. लहान लेथ दबते आणि मागे राहिलेले थोडे धातू ही फेरी काढून नेते. प्रत्येक कापाला तेल लावा.

आट्यांआधी सळईचा व्यास बरोबर १० न ठेवता ९.८५ ते ९.९ मि.मी. ठेवा, आणि तिचे मोकळे टोक टेलस्टॉकच्या (चकासमोरच्या आधाराच्या) टोकदार सेंटरने धरा. नट चढवून पाहण्यासाठी काम चकातून काढू नका. सेंटर मागे घ्या, नट फिरवा, सेंटर परत लावा. शेवटचा थोडासा भाग राहिला असताना एम १० ची डाय (बाहेरचे आटे पाडणारी चकती) फिरवून आटे पूर्ण करणे काही जणांना कमीपणाचे वाटते. मला वाटत नाही. तीन चतुर्थांश खोलीचे आटे लेथवर सरळ पाडलेले असतील तर डाय वाकडी जात नाही आणि माथे स्वच्छ निघतात.

बिघडलेली सळई टाकून देऊ नका. एम १० च्या आट्यांचा तळ ८.१६ मि.मी. व्यासावर असतो, म्हणून ती ७.९ पर्यंत कापून घेतली की बिघाडाची खूण उरत नाही. मग लीडस्क्रूवरचे ५० चे चाक काढून ६० चे लावा, बाकीची जोडणी तशीच राहू द्या, आणि तिच्यावर एम ८ × १.२५ पाडून बघा. टॉप स्लाइड ०.८८ मि.मी., म्हणजे इंचाचे हजारावे ३५ भाग पुढे जाईल.